वरून दिसणारा पूर

"पाणी किती फुटावर?" हा प्रश्न सांगलीत पावसाळ्यात चहाच्या आधी विचारतात. कुठलं पाणी, कुठे मोजलेलं, असं कुणी उलट विचारत नाही. नदी कृष्णा आणि पूल आयर्विन. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे आकडे इथे स्वतःचा मोबाइल नंबर न आठवणाऱ्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ आहेत. तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव घेऊन हा दगडी पूल १९२९ साली खुला झाला. नदी ओलांडायला तो जितका वापरला गेला, तितकाच नदी बघायला. कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की ते पाणी इथे पोचायच्या आधी माणसं पुलावर पोचतात. लेकरं खांद्यावर, हातात कणीस नाहीतर भडंगाचा पुडा, आणि सगळ्यांच्या माना कठड्यावरून खाली.

मी माहेरची कराडची. पूर बघायला आम्हीही प्रीतिसंगमावर जायचो, पण बघून घरी यायचो आणि अभ्यासाला बसायचो. सांगलीकराचं तसं नाही. तो पुढची वीस वर्षं त्याची साक्ष देतो. "माझ्यासमोर पंचेचाळीसला टेकलं." "मी उभा होतो तिथवर पाणी आलं आणि पोलिसांनी हाकललं." माझे सासरे पुराबद्दल बोलायला लागले की आधी स्वतःची जागा सांगत, कुठल्या कमानीच्या वर, कुणाच्या शेजारी. मग पाणी. नवीन लग्न झालेल्या मला याचं हसू यायचं. आता वाटतं, साक्षीदाराने सांगायची पद्धत तीच बरोबर आहे. आधी आपण कुठे उभे होतो ते सांगावं, मग काय दिसलं ते.

२००५ चा पूर त्यांनी पाहिला तो शेवटचा. पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. हरिपुरातली जमिनीखालची हळदीची पेवं त्या पुरात गेली. पिढ्यान्‌पिढ्या हळद ज्यात सुरक्षित राहिली, त्या पेवांत पाणी शिरलं आणि तो सगळा प्रकारच जवळपास संपला. शहरात मात्र त्या पुराने एक रेघ ठेवली. प्रत्येक दुकानाच्या, घराच्या भिंतीवर ओलीची रेघ. रंग दिला तरी ती लोकांच्या मनात राहिली, आणि पुढची चौदा वर्षं सांगलीत फळ्या, मांडण्या, मीटर, इन्व्हर्टर सगळं त्या रेघेच्या वर बसवलं गेलं. आमचं गणपती पेठेत भुसार मालाचं दुकान. तिथेही तसंच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरुवातीला आम्हीही बघेच होतो. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट इथे पाणी शिरलं, म्हणजे नेहमीचंच. तिथली माणसं सामान बांधून शाळेत जाऊन राहतात आणि बाकीचं शहर त्यांना 'बिचारे' म्हणून पूर बघायला निघतं. लिहायला बरं वाटत नाही, पण असंच आहे. मग आकडा पन्नासच्या पुढे सरकला. नवऱ्याने पोरांना लावून पोती वरच्या फळीवर चढवली आणि घरी येऊन म्हणाला, "रेघेच्या वर आहे सगळं. काय होत नाही."

पूर नदीकडून येईल असं वाटत होतं. आला मोरीतून. आमचं घर खणभागात, नदीपासून तसं आत. रात्री न्हाणीघरातून गुळगुळ असा आवाज यायला लागला. मला वाटलं, वरच्या टाकीचा नळ राहिला. दिवा लावून पाहिलं तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. घाई नाही, जोर नाही. जाळीभोवती एक तळहाताएवढं थारोळं झालं, मग ते उंबऱ्यापर्यंत आलं आणि उंबऱ्याशी थांबून राहिलं. सासूबाई मागून म्हणाल्या, "गव्हाचा डबा उचल आधी." आम्ही उचलत गेलो आणि पाणी येत गेलं. उजाडेपर्यंत आम्ही माडीवर होतो आणि खाली रिकामा गॅस सिलिंडर सोप्यात तरंगत एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला टण्‌ करून आपटत होता. तो आवाज पाणी उतरेपर्यंत थांबला नाही. मी कुणाला पुराचं सांगायला लागले की मला आधी तो सिलिंडर आठवतो.

वीज गेली, टीव्ही बंद. फोनची बॅटरी जपून वापरायची, रेंज आली तर आली. सासूबाईंनी रांगोळीच्या डब्यातला खडू घेतला आणि जिन्याच्या पायरीवर पाण्याच्या कडेला रेघ मारली. तासाभराने दुसरी. आमच्या पुरती तीच आयर्विन पुलावरची पट्टी. खिडकीतून समोरच्या घराची भिंत, विजेचा खांब आणि मधलं चॉकलेटी पाणी, एवढंच दिसायचं. कोपऱ्यापलीकडे शहर आहे की गेलं, याचा आम्हाला पत्ता नव्हता.

तो पत्ता पुण्याहून लागायचा. मुलगा तिकडे नोकरीला. त्याचा फोन लागला की तो सांगे, "आई, टीव्हीवर आपला मारुती चौक दाखवतायत. दुकानांच्या नुसत्या वरच्या पाट्या दिसतायत." मारुती चौक आमच्यापासून चालत पाच मिनिटं. मी त्याला विचारायची, "पाणी वाढतंय का रे?" माझ्या जिन्यातलं पाणी मी पुण्याला विचारत होते. तो म्हणाला, "५७ च्या वर गेलंय म्हणतायत." मी खडूच्या रेघेकडे पाहिलं. ५७ म्हणजे किती, ते मला त्या रेघेवरून कळेना, आणि ती रेघ त्याला सांगून काही उपयोग नव्हता. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली, ८ ऑगस्टला, तेही आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. ब्रह्मनाळ आमच्याच कृष्णेकाठी. पण ती बातमी आधी पुण्याला, मुंबईला, सगळ्या महाराष्ट्राला कळली आणि मग आम्हाला.

एकदा खिडकीखालून लष्कराची बोट गेली. जवानाने वर पाहून विचारलं, "माताजी, कितने लोग हैं?" सासूबाई म्हणाल्या, "लोक भरपूर आहेत, दूध आहे का विचार त्यांना." दूध नव्हतं. मागून दुसरी एक बोट आली, तिच्यात रेनकोट घातलेला वार्ताहर आणि कॅमेरावाला. बोट खांबाला धरून थांबवली, माइक आमच्या खिडकीकडे उंचावला आणि तो ओरडला, "आजी, काय परिस्थिती आहे? काय सांगाल?"

सासूबाई खिडकीच्या गजाला धरून पुढे झुकल्या. "तुम्ही कुठल्या बाजूने आलात?"

"टिळक चौकातून."

"मग हरभट रोडला पाणी किती? आणि पेठेत? गणपती पेठेत गेला होता का? आमचं दुकान आहे तिथं."

तो गडबडला. तो विचारायला आला होता, सांगायला नव्हे. कॅमेरा चालूच होता. शेवटी कॅमेरावाल्याने डोळा भिंगावरून न काढता म्हटलं, "पेठेत शटरच्या वर आहे, आजी." म्हणजे रेघेच्या कितीतरी वर. नवरा माझ्या मागे उभा होता. तो काही न बोलता जाऊन गादीवर बसला. दुकानाची बातमी आम्हाला अशी कळली.

सोलापूरच्या नणंदेने ते टीव्हीवर पाहिलं. तिला दिसलं ते एवढंच, की आई खिडकीत उभी आहे आणि हात हलवतेय. खाली पट्टी, पुरात अडकलेल्या आजी. सासूबाईंचे प्रश्न कापले होते. मला त्यात वार्ताहराचा दोष दिसत नाही. बातमीत अडकलेल्या माणसाने हात हलवायचा असतो, हरभट रोडची चौकशी करायची नसते. पण आमच्या बाजूने जे घडलं ते सगळं त्या कापलेल्या भागात होतं.

पाणी उतरल्यावरचं फार लिहीत नाही. गाळ, पंचनामे, रांगा, मदत करणारे अनोळखी लोक, मदतीच्या नावाने फोटो काढणारे ओळखीचे लोक, सगळं नेहमीसारखं झालं. पेठेत मात्र जो वास होता तो मी परत कधी घेतलेला नाही. भिजलेली डाळ, गूळ, हळद, मिरची, साबण, सगळं एकत्र कुजल्याचा. दुकान उघडलं तेव्हा हरभऱ्याच्या पोत्यांना मोड आले होते. पोतं फाडून बाहेर आलेले, चांगले बोटभर लांब.

या सगळ्यात मला एक गोष्ट बरीच उशिरा लक्षात आली, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठी आहे. वीज आल्यावर, फोन भरल्यावर, पुढाऱ्यांपासून पाव्हण्यांपर्यंत सगळ्यांनी पाठवलेले व्हिडिओ उघडले. त्यातला एक ड्रोनचा. आयर्विन पूल पाण्यात टेकलेला, दोन्ही काठांना फक्त छपरं, झाडांचे शेंडे, आणि मधून सरकणारं एवढं मोठं पाणी की नदी कुठली आणि रस्ता कुठला कळू नये. मी तो किती वेळा पाहिला असेन. आज कुणी 'एकोणीसचा पूर' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हेच चित्र. मी त्या पुरात होते, घराच्या जिन्यावर बसून होते, आणि तरी माझ्या आठवणीतला पूर वरून दिसतो. आकाशातून. जिथे मी नव्हते तिथून.

जिना, खडू, सिलिंडर आहेत, पण ते बोलावल्यावर येतात. ड्रोनचं चित्र न बोलावता येतं.

तेव्हापासून मी स्वतःच्या आणि घरातल्यांच्या आठवणी अशा उलटसुलट करून बघायला लागले. यातलं आपलं किती आणि दाखवलेलं किती? सासरे असते तर त्यांना हा खेळ आवडला असता.

माझी आई कोयनेचा भूकंप सांगते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ही वेळ तिने नंतर पेपरात वाचलेली, तेव्हा घड्याळ कोण बघतंय. तिचं स्वतःचं म्हणजे मांडणीवरून एकामागून एक पडलेली पितळी भांडी आणि अंगणात अनवाणी उभं राहिल्यावर पायाला लागलेली थंडी. कराडात प्रत्येक गल्लीला वाटलं की जे झालं ते आपल्याच गल्लीत झालं. कुणी म्हणालं बॉम्ब पडला, कुणी म्हणालं धरण फुटलं, आणि धरण हा शब्द ऐकल्यावर लोक गाठोडी बांधून उंचावर पळाले. धरणाला तडे गेले होते, पण ते उभं राहिलं. कोयनानगर मात्र जमीनदोस्त झालं, जवळपास १८० माणसं गेली. हे कराडात उजाडल्यानंतर, हळूहळू, एसटीतून आलेल्या माणसांकडून आणि रेडिओवरून कळत गेलं. धरणाच्या पाण्याच्या वजनाने भूकंप होतो का, यावर जगभरचे शास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षं कोयनेचं नाव घेऊन वाद घालत राहिले. आईला त्यातलं काही माहीत नाही. तिच्या भूकंपाला चित्रच नाही, त्यामुळे तो आहे तसा राहिलाय. भांडी अजून त्याच क्रमाने पडतात. आधी तांब्या, मग परात.

उलट आजोबांची गोष्ट. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला ब्राँझ पदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि ते आणलं कराडशेजारच्या गोळेश्वरच्या पैलवानाने. आजोबांनी पाहिली ती मिरवणूक. बैलगाड्यांची रांग, हलग्या, गुलाल. पण ते सांगायचे कुस्ती. खाशाबांनी समोरच्याला कसा धरला, कसा उचलला, पंचाने कसा हात वर केला, सगळं डावांच्या नावांसकट. ना टीव्ही, ना व्हिडिओ. हेलसिंकी नकाशात दाखव म्हटलं असतं तर त्यांचं बोट कुठेही पडलं असतं. तरी ऐकणाऱ्याला शंका यायची नाही, कारण गोळेश्वरचा माणूस कसा लढेल हे आजोबांना माहीत होतं. म्हणजे चित्र नसेल तर माणूस एकतर आईसारखा आपल्या अंगणात थांबतो, नाहीतर आजोबांसारखा सगळा आखाडा स्वतः उभा करतो. दोन्हींत तो कुणाचं उसनं घेत नाही.

टीव्हीवर मी पाहिलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे इंदिरा गांधींचा अंत्यविधी, ३ नोव्हेंबर १९८४. आळीत एकाच घरी टीव्ही होता, त्याचा अँटेना पुण्याकडे तोंड करून गच्चीवर बांधलेला. चित्रात मुंग्याच जास्त. एक मुलगा गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपाशी, आणि "आलं, आलं, गेलं" असा त्यांचा पुकारा. पांढऱ्या कपड्यांतले राजीव गांधी चितेभोवती फिरताना दिसले की नुसती पांढरी हालचाल दिसली, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण तेच दृश्य नंतर मी स्वच्छ, रंगीत, अनेकदा पाहिलंय. पण एक गोष्ट शंभर टक्के माझी. खोलीतल्या सगळ्या बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते, आणि टीव्ही बंद झाल्यावर घरमालकीण काकूंनी दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "घरी गेल्यावर अंघोळ करा गं, आणि मगच चुलीला हात लावा." आम्ही सगळ्यांनी केली. टीव्हीवरून विटाळ येतो का, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. आपण तिथे होतो, एवढं पुरेसं होतं. इतक्या खरेपणाने टीव्ही नंतर कुणी पाहिलेला मला आठवत नाही.

मग प्रत्यक्ष पाहण्याची फजिती. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. माझं नवं लग्न. सकाळीच दिल्लीकडून फोनाफोनी सुरू झालेली, एसटीडी बूथवर गर्दी, आणि दुपारपर्यंत सांगलीत दूध मिळेना. गणपतीच्या गावात हे होणारच होतं. आमच्या गल्लीतल्या देवळात रांग लागली. माझा नंबर आला, मी चमचा सोंडेला लावला आणि दूध खरोखर गेलं. चमचा रिकामा. माझ्या डोळ्यांनी, वीतभर अंतरावरून. आजही मी कोर्टात शपथेवर सांगेन की ते गेलं. संध्याकाळी शेजारचे विज्ञानाचे सर परसातला एक धोंडा धुऊन घेऊन आले, ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "आता याला पाजा." धोंडाही प्यायला. सासूबाईंचा पाटाही प्यायला. भरलेल्या चमच्याच्या कडेला ओला दगड टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ पापुद्रा होऊन खाली उतरतं. पांढऱ्या मूर्तीवर तो ओघळ दिसत नाही, सरांच्या काळ्या धोंड्यावर स्वच्छ दिसला. अंनिसची मंडळीही तेव्हा हेच करून दाखवत होती. म्हणजे मी पाहिलं ते खोटं नव्हतं, मी जिथून पाहिलं तिथून अर्धंच दिसत होतं. सासूबाई त्यावर जे म्हणाल्या ते मला सरांच्या प्रयोगाइतकंच आवडतं. "धोंड्यात पण देव असतोच की."

११ सप्टेंबर २००१ बद्दल सगळ्यांनी इतकं लिहून ठेवलंय की मी सोडून देते. आपल्याकडची संध्याकाळ होती, दुसरं विमान आदळताना अख्ख्या जगाने पाहिलं, मीही.

२६ नोव्हेंबर २००८ मात्र सोडवत नाही. तेव्हा तीन दिवस टीव्ही बंद झाला नाही. ताजच्या घुमटातून निघणारा धूर, दोरावरून उतरणारे कमांडो, सगळं थेट. आपण सगळं पाहतोय असं वाटत होतं. पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, कारण तेच प्रक्षेपण सीमेपलीकडे बसलेले हल्लेखोरांचे म्होरकेही बघत होते आणि फोनवरून आत सूचना देत होते. आणि ज्या क्षणामुळे कसाब जिवंत हाती लागला, तो क्षण थेट कुणालाच दिसला नाही. तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. गिरगाव चौपाटीला, हातात फक्त लाठी, आणि त्यांनी एके-४७ ची नळी धरली ती सोडली नाही. सगळे कॅमेरे दुसरीकडे होते. महाबळेश्वरला जाताना मेढ्याच्या रस्त्याने गेलो की नवरा गाडीचा वेग कमी करतो आणि म्हणतो, "ओंबळ्यांचं गाव इकडंच." त्या तीन दिवसांतलं आमच्या घरात आज शिल्लक आहे ते हे, न पाहिलेलं.

पुराला महिना होत आला तेव्हा चांद्रयान-२ उतरणार होतं, ६ आणि ७ सप्टेंबरच्या मधल्या रात्री. जुना टीव्ही खाली बुडाला होता. माडीवर पोपडे सुटलेल्या भिंतीला फोन टेकवून आम्ही तिघं बसलो. पडद्यावर यानाची ठरलेली वाट आणि त्यावरून सरकणारा ठिपका, शेजारी उंचीचा आकडा. आमच्या घराला आकड्याकडे बघत बसायची सवय नुकतीच लागलेली. ठिपका वाटेवरून जरासा ढळला आणि थांबला. शास्त्रज्ञांचे चेहरे दिसायला लागले. सासूबाईंनी विचारलं, "पडलं का?" कुणी सांगेना. टीव्हीवरचा बोलणारा माणूससुद्धा गप्प. किती वेळाने तरी संपर्क तुटल्याचं जाहीर झालं. सासूबाई म्हणाल्या, "आता त्यांना तिकडचं कोण सांगणार?" मला ती खिडकीखालची बोट आठवली. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी पुढचं यान नीट उतरलं तेव्हा मी दुकानात होते. गिऱ्हाइकांसकट सगळे टाळ्या वाजवत होते आणि त्या नादात एकजण उधारी न लिहिता साखर घेऊन गेला.

आता अगदी अलीकडचं. २ नोव्हेंबर २०२५, महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, नवी मुंबईत. सांगलीसाठी ती फायनल म्हणजे स्मृती मानधनाची फायनल. ही पोर लहानाची मोठी झाली माधवनगरला, इथल्याच मैदानांवर खेळली. २०१७ साली लॉर्ड्सच्या फायनलमध्ये ती शून्यावर गेली आणि भारत ९ धावांनी हरला. तेव्हा आमच्या गल्लीत घरातलं कुणी आजारी असल्यासारखी शांतता होती. त्यामुळे या वेळी सासूबाईंनी आधीच जाहीर केलं, "मी बघणार नाही. मी बघितलं की ती आउट होते." त्या देवघरात बसल्या आणि तिथून दर पाच मिनिटांनी "किती झाले?" विचारत राहिल्या. पावसामुळे सामना पाच वाजता सुरू झाला.

आमच्या टीव्हीचं रिचार्ज संपलेलं, म्हणून मी फोनवर बघत होते. शेजारी डिशचा टीव्ही. फोनवरचं 'थेट' डिशच्या बरंच मागे असतं, हे मला त्या दिवशी कळलं. भिंतीपलीकडून ओरडा यायचा, मग माझ्याकडे गोलंदाज धावायला लागायची. चौकार मारला जाणार हे मला आधी कळायचं आणि चौकार नंतर दिसायचा. स्मृती आणि शफाली वर्माने पहिल्या विकेटला शंभरच्या वर धावा काढल्या, तोवर या उलट्या क्रमाची मजा वाटत होती.

मग भिंतीपलीकडून "आर्रर्र" आलं. एकाच वेळी सात-आठ जणांच्या तोंडून. मला कळलं, गेली. पण माझ्या फोनवर ती होती. ४५ वर, हेल्मेट सारखं करत, शफालीशी काहीतरी बोलत, क्रीजवर बॅट टेकवत. देवघरातून हाक आली, "किती झाले गं?" मी म्हटलं, "पंचेचाळीस. खेळतीय." हे खोटं नव्हतं. मला दिसत होतं तेच सांगितलं. मग तो चेंडू माझ्याकडेही आला आणि ती गेली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शफालीच्या ८७, दीप्ती शर्माची अर्धशतकी खेळी आणि पाच बळी, तिकडून दक्षिण आफ्रिकेच्या वूलवार्टचं शतक, आणि मध्यरात्र उलटताना उरलेली ती एक विकेट. सासूबाई तोवर देवघरातून उठून जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. बघायचं नाही, पण लांबही राहवत नाही. रस्त्यावर माणसं दारात उभी होती.

आणि फटाके फुटले. आधी लांब विश्रामबागेकडे कुठेतरी, मग पेठेत, मग आमच्या कोपऱ्यावर. शेजारची पोरं जिना उतरून ओरडत रस्त्यावर. सासूबाई उभ्या राहिल्या, "जिंकली? जिंकली काय गं?" नवरा चप्पल न घालता बाहेर पळाला. त्याच वेळी पुण्याहून मुलाचा फोन. "आई, पाहिलंस का? हरमनने काय कॅच घेतला!"

मी म्हटलं, "ऐकलं रे. थांब, आता बघते." फोन ठेवला. पडद्यावर दीप्ती अजून रनअपच्या टोकाला उभी होती आणि डी क्लर्क स्टान्स घेत होती.